मल्लविद्येचीं हरवलेलीं दोन अंगें

(१)

गेल्या वैशाखांत गिरणाकांठच्या एका गांवीं यात्रेनिमित्त भरलेली कुस्त्यांची दंगल पाहण्याचा योग आम्हांस आला. नदीच्या कोरड्या पात्रांत माती आणून आखाडा केला होता; त्याच्या भोंवतीं पांचसात गांवचे लोक दाटीनें बसले होते; आणि लहान मुलांच्या नारळावरील कुस्त्यांपासून आरंभ होऊन, दिवस कलूं लागला तशा मोठ्या इनामाच्या कुस्त्या लागत होत्या. आमच्या वर्गांत बसणारा एक तरुण त्या दिवशीं लढला. त्यानें पट काढून प्रतिपक्ष्यास खालीं घेतलें, सवारी भरली, आणि घिस्सा मारून थोड्याच वेळांत त्याची पाठ मातीस लावली. अंगावरची माती तशीच असतां तो आमच्याकडे आला, पायां पडला, आणि एकाएकीं म्हणाला, "सर, एक विचारूं? हल्लीं पिंजऱ्यांत जी लढत होते, तिच्यासाठीं कोणती विद्या सर्वांत उपयोगी? मीं माती सोडून ठोसे-लाथा शिकावयास पुण्यास जावें कां?"

त्याचे वडील शेजारींच उभे होते. मुलाला मिळालेला फेटा त्यांनीं काखेंत धरला होता. ते आपल्या अहिराणींत एवढेंच म्हणाले कीं, आजापासून घरांत तालीम चालत आली आहे, ती याच्यापाशीं बुडूं नये. आणि पुढें कांहीं न बोलतां ते दुसरी कुस्ती पाहूं लागले.

इतिहासाच्या अध्यापकास हा प्रश्न पुसणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें. परंतु घरीं परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रश्न वस्तुतः इतिहासाचाच आहे. कोणती मल्लविद्या कशास उपयोगी हें ठरवावयाचें, तर ती कोणत्या नियमांखालीं वाढली, कोणत्या प्रेक्षकांपुढें वाढली, वाढतांना तिनें काय राखलें आणि काय टाकलें, हें अगोदर पाहिलें पाहिजे. त्या तरुणास त्या दिवशीं आम्हांकडून उत्तर दिलें गेलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों; आणि त्यांत त्याच्या वडिलांच्या बोलण्याचाहि मान राहील असें आम्हांस वाटतें.

(२)

ज्या वाचकांनीं ही क्रीडा पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिचें स्वरूप प्रथम सांगतों. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एम्. एम्. ए.’ म्हणतात, आम्ही येथें संमिश्र मल्लयुद्ध असें म्हणूं. जाळीच्या पिंजऱ्यांत अथवा दोरांच्या रिंगणांत दोन प्रतिस्पर्धी उतरतात. ठोसा, लाथ, गुडघा व कोपर यांचे प्रहार चालतात. उचलून आपटणें चालतें. आणि एकजण खालीं पडला, त्याची पाठ पुरती टेकली, तरी लढत थांबत नाहीं. तेथेंच प्रहार करणें, सांधे पिरगळणें, गळा आवळणें चालू राहतें. ज्याचा सांधा वा गळा पुरता सांपडला, तो हातानें थापटून शरण आल्याची खूण करितो व पंच त्यास सोडवितो. सामान्यतः पांच मिनिटांच्या तीन फेऱ्या व किताबाच्या लढतीस पांच फेऱ्या असतात. चावणें, डोळ्यांत बोटें घालणें, डोक्यानें धडक मारणें, जांघेंत प्रहार करणें हीं सर्व वर्ज्य आहेत. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत २००० सालीं या नियमांस जें निश्चित रूप आलें, तेंच थोड्याफार फरकानें आज बहुतेक ठिकाणीं चालतें.

या क्रीडेविषयीं आपल्याकडे दोन ग्रह आहेत. ती नियमशून्य आहे, हा पहिला. तो वरील विवेचनावरून दूर व्हावा. ती अगदीं नवी आहे, हा दुसरा. आणि तोहि तितकाच चुकीचा आहे. ग्रीक लोकांनीं ऑलिंपियाच्या उत्सवांत इ. स. पूर्वीं ६४८ या वर्षीं ‘पँक्रेशन’ नांवाची लढत दाखल केली. तींत ठोसे, लाथा, कुस्ती, सांधे पिरगळणें व गळा दाबणें हें सर्व चालत असे. चावणें आणि डोळे काढणें मात्र वर्ज्य होतें. इ. स. पूर्वीं ५६४ मध्यें फिगालिया नगरीचा आरिखिओन नांवाचा मल्ल या लढतींत उतरला होता. प्रतिपक्ष्यानें त्याचा गळा आवळला असतां यानें निर्वाणीच्या क्षणीं त्याचा पाय असा पिरगळला कीं, वेदना असह्य होऊन त्यानें शरणागतीची खूण केली. त्याच वेळीं आरिखिओनचा प्राण गेला होता. पंचांनीं विजयाची माळ त्याच्या प्रेतास घातली. या कथेंत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, विजय ठरला तो पाठ टेकण्यावर ठरला नाहीं, शरणागतीवर ठरला.

आपल्याकडील परंपरा याहून कमी समृद्ध नाहीं. भीम आणि जरासंध यांचें द्वंद्व महाभारतांत आहे तें सर्वांस ठाऊक आहे. त्याचा शेवट पाठ लावून झाला नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोद या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांचा विचार केलेला आहे. दुसऱ्या टोंकाला बडोद्याचें उदाहरण आहे. १८६४ सालीं लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानें खंडेराव गायकवाडांच्या दरबारीं नखांची कुस्ती पाहिली. हातांत शिंगाचीं तीक्ष्ण नखें बांधून मल्ल एकमेकांस रक्तबंबाळ करीत. या क्रूर प्रकाराचें आम्ही कौतुक करीत नाहीं. आपल्याकडे ‘मल्लयुद्ध’ या एका शब्दाच्या पोटांत केवढे भिन्न प्रकार नांदत होते, एवढेंच त्यावरून दाखवावयाचें आहे.

(३)

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. तालमींतून मल्लविद्येचीं चार अंगें परंपरेनें सांगितलीं जातात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी. भीमसेनींत बळ प्रधान. हनुमंतींत डावपेंच व चापल्य प्रधान. जांबुवंतींत प्रतिपक्ष्याचे हातपाय जखडून त्यास शरण आणावयाचें. आणि जरासंधींत सांधा मोडण्यापर्यंत वा गळा आवळण्यापर्यंत मजल जावयाची. नांवें पौराणिक असलीं तरी विभागणी मोठ्या जाणकाराची आहे. संमिश्र मल्लयुद्धाचा पिंजरा वजा केला, तरी मनुष्यानें मनुष्यास निःशस्त्र जिंकण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकीं प्रहार सोडून बाकी सर्व या चार नांवांत आले आहेत.

आज कोणत्याहि दंगलींत जाऊन बसावें. पहिलीं दोन अंगें तेथें पुरेपूर दिसतील. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, टांग, हे सर्व हनुमंतीचे अलंकार आहेत. परंतु जांबुवंती व जरासंधी हीं अंगें सांपडलींच तर तुकड्यातुकड्यांनीं सांपडतील. हात पिरगळतात, पण तो प्रतिपक्ष्यास उलथें करण्यापुरता. मान दाबतात, पण ती त्यास खालीं बसविण्यापुरती. सांधा धरून शरण आणणें हा स्वतंत्र विजय म्हणून उरलेला नाहीं.

हें कां घडलें असावें? आमच्या मतें याचें कारण दंगलीच्या घडणींतच आहे. कुस्ती यात्रेंत लढली जाते. भोंवतालीं हजारों माणसें बसतात. त्यांतील शेवटच्या रांगेंतल्या माणसासहि निकाल डोळ्यांनीं दिसला पाहिजे. पाठ लागली हें लांबून दिसतें. मनगट कोणत्या कोनांत अडकलें आहे हें दिसत नाहीं. शिवाय लढणारा बहुधा शेतकरी. यात्रा उरकली कीं, त्याला मृगाच्या आंत शेत तयार करावयाचें असतें. ज्याचा हात खांद्यांतून निखळला तो पांभर कशी धरणार? संस्थानिकांनींहि मल्ल पदरीं बाळगले ते मोठ्या खर्चानें बाळगले. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभारलें तें कुस्तीचें वैभव वाढविण्यासाठीं. अशा मल्लांचे अवयव मोडावे अशी इच्छा कोणता आश्रयदाता करील? समाजानें आपल्या सोयीनें दोन अंगें जोपासलीं व दोन मिटूं दिलीं. यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. उलट यांत एक प्रकारचा सुजाणपणाच आहे. मात्र जें सोयीसाठीं टाकलें, तें मल्लविद्येंत मुळींच नव्हतें अशी समजूत पुढील पिढ्यांनीं करून घेतली, ती चुकीची होय.

जपानांत हाच पेंच निराळ्या रीतीनें सोडविला गेला, तो तुलनेसाठीं पाहण्यासारखा आहे. जिगोरो कानो या विद्वान् शिक्षकानें १८८२ सालीं टोकियोंत ‘कोदोकान’ ही संस्था काढली व जुन्या जुजुत्सु विद्येंतून जुदो सिद्ध केला. सरावांत अपाय करणारे अनेक डाव त्यानें गाळले. परंतु कोपर पिरगळणें व गळा आवळणें हीं त्यानें ठेवलीं. तीं ठेवतां आलीं तीं हातानें थापटण्याच्या लहानशा संकेतामुळें. सांपडलेल्यानें थापटलें कीं धरणाऱ्यानें सोडावें, असा नियम असला म्हणजे घातक डावाचाहि पूर्ण जोरानें रोज सराव करतां येतो आणि दुसऱ्या दिवशीं दोघेहि धडधाकट राहतात. आमच्या दंगलींत थापटून शरण येणें ही नामुष्की गणली गेली. तिकडे ती शिक्षणाची पायरी मानली गेली. दोन देशांच्या मल्लविद्येंत पुढें जें अंतर पडलें, त्याचें मूळ पुष्कळ अंशीं या एवढ्याशा संकेतांत आहे, असें आम्हांस वाटतें.

(४)

या अंतराचा परिणाम जगास केव्हां दिसला? कानोच्या संस्थेंत शिकलेला मित्सुयो माएदा हा मल्ल १९१४ सालीं ब्राझील देशांत गेला. त्याच्याकडून ग्रेसी नांवाच्या कुटुंबानें ही विद्या घेतली आणि जमिनीवर, विशेषतः पाठीवर पडून, लढण्याच्या अंगाचा तिनें फार विस्तार केला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें निरनिराळ्या विद्यांच्या आठ लढवय्यांची स्पर्धा झाली. मुष्टियोद्धा होता, लाथांनीं लढणारे होते, सुमो मल्ल होता. त्या सर्वांत देहानें फारसा मोठा नसलेला रॉइस ग्रेसी एका रात्रींत तीन लढती जिंकून विजयी ठरला. अंतिम लढत त्यानें पाठीमागून गळा आवळून जिंकली. त्या रात्रीं पाहणाऱ्यांचा असा निष्कर्ष झाला कीं, ब्राझिलियन विद्याच सर्वश्रेष्ठ.

परंतु इतिहासांत पहिला निष्कर्ष क्वचित् टिकतो. १९९६ सालीं मार्क कोलमन नांवाचा अमेरिकन कुस्तीगीर या स्पर्धांत उतरला. तो १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें कुस्ती लढलेला होता. प्रतिपक्ष्यास खालीं पाडावयाचें, वर बसावयाचें आणि तेथून प्रहार करावयाचे, एवढ्या साध्या उपायानें त्यानें त्या वर्षीं लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या व १९९७ च्या फेब्रुवारींत वजनदार गटाचा पहिला किताबहि मिळविला. आतां कुस्तीच श्रेष्ठ असें लोक म्हणूं लागले. तों त्याच वर्षीं जुलैमध्यें मॉरिस स्मिथ या ठोसे-लाथांच्या लढवय्यानें कोलमनास हरविलें. स्मिथनें कुस्तीगिरासारखें पाडावयाचें शिकून घेतलें नव्हतें. खालीं पडल्यावर तग कसा धरावा व पुन्हां उभें कसें राहावें एवढें मात्र तो शिकला होता. दम संपलेल्या कोलमनास त्यानें मग उभ्यानें प्रहार करून जिंकलें.

चार वर्षांतील या तीन निकालांवरून जें दिसतें तें असें. प्रत्येक विद्या एका विशिष्ट जागीं बलवान् असते: मुष्टियुद्ध उभ्यानें व अंतरावर, ब्राझिलियन विद्या जमिनीवर. कुस्तीचें वैशिष्ट्य हें कीं, लढत कोणत्या जागीं व्हावी हें ठरविण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे. ज्यास पाडतां येतें त्यास जमीन मिळते. ज्यास पडण्याचें टाळतां येतें त्यास उभें राहणें मिळतें. म्हणून पायाभूत विद्या म्हणून कुस्तीसच अग्रमान द्यावा असें आमचें मत आहे. पण ती लढतीची जागा मिळवून देते. त्या जागेवर पुढें काय करावयाचें, तें इतर अंगांकडून शिकावें लागतें. दागिस्तानचा खबीब नूरमागोमेदोव्ह हा याचें उत्तम उदाहरण होय. त्याचा पाया कुस्तीचा व सांबो या रशियन विद्येचा. २९ लढती लढून, एकहि न हरतां, तो ऑक्टोबर २०२० मध्यें निवृत्त झाला. आणि शेवटची लढत त्यानें आपल्या पायांच्या पकडींत प्रतिपक्ष्याचा गळा आवळून जिंकली. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, भीमसेनी व हनुमंतींत वाढलेल्या मल्लानें येथें जांबुवंती व जरासंधी आत्मसात् केली होती.

(५)

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, परदेशच्या कुस्तीवरून आमच्या मातीच्या कुस्तीविषयीं अनुमान कसें करतां येईल? आक्षेप रास्त आहे. म्हणून आमच्याच मल्लांचीं उदाहरणें घेऊं.

१० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें गामा व पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को आरंभींच खालीं गेला आणि गुडघे व हात टेकून, पोट मातेरीस धरल्यासारखें जमिनीजवळ ठेवून, सुमारें अडीच तास तसाच राहिला. गामाला त्याची पाठ लावतां आली नाहीं. कुस्ती बरोबरींत सुटली. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें गामानें त्याच झिबिस्कोस एका मिनिटाच्या आंत चीत केलें, हें प्रसिद्धच आहे. परंतु लंडनच्या कुस्तीवरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कुस्तीच्या नियमांत जी स्थिति अत्यंत सुरक्षित, तीच पिंजऱ्यांत अत्यंत धोक्याची आहे. पालथ्या पडलेल्या माणसाची मान पाठीमागून उघडी असते. डेन्व्हरला ग्रेसीनें अंतिम लढत अशाच पकडीनें जिंकली. पाठ राखण्याची सवय कुस्तीगिराच्या हाडांत मुरलेली असते. आणि ती सवयच त्यास पालथा पाडते.

१२ डिसेंबर १९७६ रोजीं कराचींत गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान जपानच्या अंतोनियो इनोकीशीं लढला. अक्रमच्या घराण्याची कीर्ति सांगण्याची गरज नाहीं. इनोकीनें त्याचा हात असा पिरगळला कीं, तो निकामी झाला व लढत थांबवावी लागली. ज्या घराण्यानें पाऊणशें वर्षें उपखंडाची मल्लविद्या गाजविली, त्याच घराण्यांतील मल्ल जांबुवंती डावानें हरला. त्याच्या अंगीं बळ नव्हतें असें नाहीं. त्या डावावर उतारा करण्याची सवय त्याच्या घरच्या आखाड्यांत लावली गेली नव्हती, हेंच कारण आम्हांस दिसतें.

अलीकडचीं उदाहरणें हेंच सांगतात. महाराष्ट्राचा भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ रोजीं शांघाय येथें या क्रीडेच्या सर्वांत मोठ्या अमेरिकन संघटनेच्या लढतींत उतरला. त्याचा पाया कुस्तीचा. पहिल्याच फेरींत चीनच्या सोंग यादोंगनें समोरून त्याची मान बगलेंत धरून गळा आवळला व लढत संपली. हरियानाची ऋतु फोगट ही २०१६ च्या राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेंतील सुवर्णपदकविजेती. डिसेंबर २०२१ मध्यें सिंगापूर येथें ती एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत पोंचली. तेथें थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सनें तिचें कोपर अडकवून तिला शरण आणलें. स्टॅम्पची मूळ विद्या थाई मुष्टियुद्ध. म्हणजे ठोसे-लाथांत वाढलेल्या मुलीनें कुस्तींत वाढलेल्या मुलीस जमिनीवर जिंकलें! हा निकाल कुस्तीचा पराभव म्हणून वाचूं नये. ऋतु अंतिम लढतीपर्यंत गेली ती कुस्तीच्याच बळावर. आणि हरली ती मल्लविद्येच्याच, पण आपण मिटूं दिलेल्या, अंगामुळें.

याउलट बाजूहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. कॅनडांतील पंजाबी मल्ल अर्जन भुल्लर हा २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडांतील सुवर्णपदकविजेता. पुढें तो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येंहि कुस्ती लढला. आणि मे २०२१ मध्यें ब्रँडन व्हेराला हरवून संमिश्र मल्लयुद्धांतील एका मोठ्या संघटनेचा वजनदार गटाचा किताब त्यानें मिळविला. त्यानें कुस्ती टाकली नाहीं. तिच्यांत भर घातली. दुसरीकडे उत्तर प्रदेशची पूजा तोमर वुशु या चिनी विद्येंतून, म्हणजे ठोसे-लाथांतून, आली व जून २०२४ मध्यें अमेरिकेंत लढत जिंकली. तेव्हां कुस्ती हाच एकमेव मार्ग, असा हट्ट कोणीहि धरूं नये.

(६)

आतां पुन्हां खानदेशांत येऊं. या प्रांताची शौर्याची परंपरा बहुतांशीं शस्त्राची होती. सातपुड्यांतील भिल्लांचें धनुष्य प्रसिद्ध. १८२५ सालीं आउट्रमनें धरणगांवास भिल्लांची पलटण उभारली ती त्यांचें हें लढवय्येपण ओळखूनच. लाठी व पट्टाहि गांवोगांव खेळले जात. पण निःशस्त्र युद्धाचा प्रश्न निघाला कीं, खानदेशाजवळ उत्तर एकच आहे, आणि तें म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची तालीम.

ही तालीम निष्फळ राहिली नाहीं. महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा १९६१ सालीं सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं ती धुळ्यास भरली. त्या वेळीं भगवान मोरे विजयी झाले. १९६६ सालीं ती जळगांवास झाली व दिनानाथसिंह यांनीं किताब घेतला. पुढें चाळीसगांव तालुक्यांतील सायगांव बगळी येथील विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं सलग तीन वर्षें हा किताब जिंकला, राज्य पोलीस दलांत उपअधीक्षकाचें पद मिळविलें, आणि २०२३ सालीं कॅनडांत विनिपेग येथील जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदकहि आणलें. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या डोळ्यांपुढें हें उदाहरण असणार, यांत संशय नाहीं. कुस्तीचा रस्ता त्यांना दिसतो. गांवांतून निघून तो कोठें पोंचतो तेंहि त्यांना दिसतें. पिंजऱ्याचा रस्ता कोठें जातो हें त्यांना अद्याप कोणी दाखविलेलें नाहीं.

माती मुलास काय देते? वाकलेल्या मानेवर दुसऱ्याचें सर्व वजन घेण्याची शक्ति, ओल्या अंगावरहि न सुटणारी पकड, कंबरेचा मोड, आणि निकाली कुस्तींत वेळेचें बंधन नसतां टिकणारा दम. मल्लखांबाचेंहि येथें स्मरण होतें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं ही विद्या ऊर्जितावस्थेस आणली, आणि तिची प्रेरणा त्यांना आमच्या शेजारच्या सप्तशृंग गडावर मिळाली अशी आख्यायिका आहे. मांड्यांनीं व पायांनीं खांब आवळण्याची जी शक्ति मल्लखांब देतो, तीच ब्राझिलियन मल्ल पाठीवर पडून प्रतिपक्ष्याच्या कंबरेस विळखा घालतांना वापरतो. साधन आपल्या अंगणांत आहे. त्याचा उपयोग जमिनीवर करण्याची कल्पना मात्र आपल्यास सुचली नाहीं, कारण पाठ टेकली कीं आपली कुस्ती संपते.

आणि माती काय देत नाहीं? तीन गोष्टी देत नाहीं. प्रहार कसा चुकवावा व कसा करावा, हें ती शिकवीत नाहीं. पाठीवर पडल्यावर लढावें कसें, हें शिकवीत नाहीं. आणि पट काढावयास खालीं शिरतांना मान उघडी राहते, तिचें रक्षण करण्याचें तिला कारणच पडत नाहीं. कुस्तींत गळा आवळीत नाहींत. शांघायला जें झालें तें याच तिसऱ्या उणिवेमुळें झालें.

(७)

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें. बाबा रे, माती सोडूं नकोस. पाडणें व न पडणें ही विद्या लहानपणीं अंगांत मुरावी लागते. विसाव्या वर्षानंतर ती नव्यानें मिळविणें कठीण. ती तुला मिळालेली आहे. बाकीच्या विद्या मागाहून मिळवितां येतात. परंतु ज्या दिवशीं पिंजऱ्याचा विचार मनांत पक्का होईल, त्या दिवसापासून सर्वांत अगोदर पाठीवर पडावयास शीक. ठोसे त्यानंतर. तुझ्या आजानें व बापानें तुला जें टाळावयास शिकविलें, तें आतां तुला मुद्दाम करावें लागेल, आणि हें तुझ्या मनास ठोशांपेक्षां अधिक जड जाईल. थापटून शरण येण्याची लाज वाटूं देऊं नकोस. तालमींत शंभरदां थापटणारा मैदानांत हात मोडून घेत नाहीं. खाशाबा जाधव मातींतच वाढले. १९४८ सालीं लंडनला गादीवरच्या कुस्तीचे नियम त्यांना नवखे होते, तरी ते सहावे आले. आणि ते नियम अंगवळणीं पाडून १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक मिळविलें. मातीच्या मल्लास नवे नियम शिकतां येतात, याला याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

एक इशारा मात्र दिल्यावांचून राहवत नाहीं. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या प्रहारांचें फळ वर्षांनीं दिसतें. १९२८ सालींच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यानें मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या विकाराचें वर्णन करून ठेविलें आहे. मोडलेला हात जुळतो. मेंदूचें तसें नाहीं. हा विचार करूनच पाऊल टाकावें, आणि वडिलांस तो सांगून टाकावें.

आणि तालमींच्या चालकांस आमची एक विनंति आहे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले, ते आपल्या व्यायामविद्येचें कोणतेंहि अंग विस्मरणांत जाऊं नये म्हणून. धुळें-जळगांवच्या तालमींनीं आठवड्यांतून एक दिवस जांबुवंतीस द्यावा. पाठ टेकली तरी कुस्ती थांबवूं नये. थापटलें कीं सोडावें. यानें दंगलीचें कांहीं बिघडणार नाहीं. तिचे नियम तिच्यापाशीं राहतील. ज्या मुलास पुढें पिंजऱ्यांत जावयाचें त्यास मग घरची तालीम सोडून परगांवीं जाण्याची घाई करावी लागणार नाहीं, आणि ज्यास जावयाचें नाहीं त्यासहि आपल्या विद्येचा विसरलेला भाग परत मिळेल.

हा लेख पुरा होतां होतां तो विद्यार्थी आम्हांस पुन्हां भेटला. आम्हीं वरील विचार त्यास थोडक्यांत सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पाठीवर पडायचं, हें घरीं कसें सांगूं?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. पण येत्या सुट्टींत त्याच्याबरोबर त्याच्या गांवीं जाऊन त्याच्या वडिलांशीं बोलण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.